दोन चॅनेल, एक शनिवार-रविवार : जुन्या व्हीएचएस कॅसेट लॅपटॉपवर उतरवतानाच्या नोंदी

शनिवार, १४ जून २०२५

बदलापूरच्या काकांकडून दोन कॅसेट घेऊन आलो. ई-१८०, म्हणजे साध्या वेगाने तीन-तीन तासांच्या. कव्हरवर बाबांचं अक्षर. एकीवर 'शनि. १ + मेट्रो', दुसरीवर 'रवि. १ + मेट्रो'. एक नंबर म्हणजे दूरदर्शनचं पहिलं चॅनेल, मेट्रो दुसरं. तारीख नाही, साल नाही.

काका तेव्हा मस्कतला नोकरीला होते. 'इकडे शनिवार-रविवार शनिवार-रविवारसारखे वाटतच नाहीत' असं त्यांनी पत्रात लिहिलं, म्हणून बाबांनी आमचा डोंबिवलीचा एक अख्खा शनिवार-रविवार दूरदर्शनच्या दोन्ही चॅनेलवरून टिपून तिकडे जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवला. व्हीसीआरला स्वतःचा ट्यूनर (चॅनेल पकडणारा भाग) असतो, त्यामुळे आई टीव्हीवर एक नंबर बघत असताना मागे व्हीसीआर मेट्रो रेकॉर्ड करू शकायचा. बाबांना या युक्तीचं अजून कौतुक आहे. काका २००१ मध्ये कायमचे परत आले, कॅसेट ट्रंकेत गेल्या, ट्रंक तळमजल्यावरच्या कॉटखाली. पुढे २६ जुलै २००५. पाणी कॉटच्या वर दोन वीत चढलं होतं.

हे सगळं लिहून ठेवतोय कारण मराठीत असं कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही, आणि माझ्या चुका दुसऱ्या कुणी पुन्हा पैसे देऊन करू नयेत.

पहिली चूक आजच झाली. माळ्यावरून बाबांचा व्हीसीआर काढला, पुसला, वीज दिली, दिवा लागला. आनंदाच्या भरात शनिवारची कॅसेट आत ढकलली. मशीनने ती घेतली, दोनदा घरघर केली आणि गप्प. कॅसेट बाहेर येईना.

रविवार, १५ जून

वरचं झाकण काढलं. लोडिंगचा रबरी बेल्ट विरघळून काळा डिंक झाला होता. बोटाला लागला तो रॉकेलनेही नीट निघाला नाही. लोडिंग मोटरचं चाक हाताने उलटं फिरवत कॅसेट बाहेर काढायला दीड तास गेला. फितीचा वीतभर तुकडा आतच गुंतला होता, तो पेन्सिलीच्या रबराच्या टोकाने सोडवला. चिमटा वापरू नका, फितीला कायमची घडी पडते. मी आधी चिमटाच वापरला. घडी पडली.

मग उजेडात कॅसेट नीट पाहिली. खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसत होती. बुरशी. म्हणजे मी बुरशीची कॅसेट थेट मशीनमध्ये घातली होती. जुनी कॅसेट आत टाकण्याआधी खिडकीतून टॉर्च मारून बघा. दहा सेकंद लागतात. माझे पुढचे दोन आठवडे त्या दहा सेकंदांपायी गेले.

शनिवार, २१ जून

बेल्टचा संच मिळाला, २८० रुपये, टपालखर्च वेगळा. बसवला. रिकामं मशीन नीट चालतंय. आमच्या मुंजीच्या कॅसेटवर (तिची दुसरी प्रत आहे) चाचणी घेतली, तर पडद्यावर नुसता पाऊस. बुरशीने हेड, म्हणजे फितीवरचं चित्र वाचणारे भाग, चोंदलेत.

बाबा म्हणाले, "कोरी दहाची नोट घे, ड्रमवर धर आणि फिरव. आम्ही तसंच करायचो."

मी हसलो आणि आधुनिक मार्ग म्हणून कानात घालायची कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसायला गेलो. वर-खाली. पुसताना 'टिक' असा बारीक आवाज आला. व्हिडिओ हेड हा फिरत्या ड्रमच्या कडेला बसवलेला, केसापेक्षाही बारीक फटीचा फेराइटचा कण असतो. कापसाचा तंतू त्याला अडकतो, आणि वर-खाली जोर दिला की तो तुटतो. माझा तुटला. आता चित्रात एक ओळ सोडून एक ओळ येते.

नोटेची पद्धत जवळजवळ बरोबरच होती, हे नंतर वाचलं. नोटेऐवजी तंतू न सोडणारा कागद किंवा शॅमॉय (मऊ कातडं) घ्यायचा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला करायचा, ड्रमच्या कडेला नुसता स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून हलकेच फिरवायचा. हात हलवायचा नाही, ड्रम हलवायचा. बाबांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत, फक्त चहा मागितला.

गुरुवार, २६ जून

ऑफिसातून लवकर निघून लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. व्हीसीआरचं शेवटचं उत्पादन एका जपानी कंपनीने २०१६ साली थांबवलं, त्यामुळे नवं काही मिळायचा प्रश्नच नाही. जे आहे ते कुणाच्या तरी माळ्यावरून उतरलेलं. तिसऱ्या दुकानात एक चालू मशीन मिळालं. मालक पाच हजार म्हणाला, चार हजार दोनशेत सुटलं. दुकानातच माझी मुंजीची कॅसेट लावून बघितली, पुढे-मागे पळवून बघितली, आणि कॅसेट आत असताना दोनदा प्लग काढून पुन्हा लावून बाहेर येते का तेही पाहिलं. मालक वैतागला. वैतागू द्या.

संध्याकाळच्या लोकलमध्ये व्हीसीआर मांडीवर घेऊन डोंबिवलीपर्यंत. समोरच्या एका आजोबांनी विचारलं, "भाड्याने आणलात?" डबा हसला. सुट्टीत टीव्ही-व्हीसीआर एका रात्रीपुरते भाड्याने आणणारी पिढी अजून लोकलने प्रवास करते.

रविवार, २९ जून

बुरशी साफ करणं. हे काम पावसाळ्यात काढायला नको होतं. हवेतला दमटपणा बुरशीला लागतो आणि ओली झालेली फीत वाळायलाही तयार नसते. पण सुरू केलं ते केलं. बाल्कनीत बसलो, तोंडाला मास्क. घरात करू नका, ती भुकटी छातीत जाते.

कॅसेटच्या मागे पाच स्क्रू असतात. ते काढले की कॅसेट सुलटी करूनच वरचं झाकण उचलायचं, नाहीतर आतल्या स्प्रिंगा आणि ब्रेकचे दोन बारके तुकडे उडून बाल्कनीच्या जाळीतून खालच्या जोशीकाकूंच्या तुळशीत पडतात. एक पडला. उघडल्यावर आधी मोबाइलवर आतला फोटो काढा, फीत कुठल्या खुंटीच्या कुठून जाते तो. मी काढला नव्हता. मुंजीची कॅसेट उघडून तिच्यावरून नक्कल केली.

दोन्ही चकत्या काढून गुंडाळीच्या सपाट बाजू कोरड्या मायक्रोफायबरने पुसल्या, मग मुंजीच्या कॅसेटच्या स्वच्छ खोक्यात बसवल्या. बाबांच्या हेड तुटलेल्या मशीनला आता नवीन काम मिळालं. कॅसेट मागे-पुढे पळवताना त्या मशीनमध्ये फीत ड्रमला लागत नाही. म्हणून कॅसेटचं पुढचं झाकण उघडं अडकवून ठेवलं, फितीच्या दोन्ही बाजूंना फडकं लावलं आणि टोकापासून टोकापर्यंत पळवली. दोन फेऱ्या कोरड्या, एक अल्कोहोलने किंचित ओल्या फडक्याची, पुन्हा एक कोरडी. प्रत्येक फेरीला फडक्याची नवी घडी. फडक्यावर पांढरं उतरलं तर बुरशी. तपकिरी उतरलं तर थांबा, तो फितीवरचा लेप आहे, म्हणजे कार्यक्रमच.

शनिवारच्या कॅसेटला साडेतीन तास लागले. रविवारच्या कॅसेटची वरची कड पाण्याने झालरीसारखी वळली होती. जेवढी साफ झाली तेवढी केली.

शनिवार, ५ जुलै

कॅप्चर, म्हणजे फितीवरचं लॅपटॉपमध्ये घेणं. बाजारात मिळणारं ६५० रुपयांचं यूएसबी डाँगल घेतलं. चित्र आलं! पहिलं दिसलं ते काळ्या पाटीवरचं 'रुकावट के लिए खेद है', आणि ते चार मिनिटं तसंच. बाबा प्रत्येक जाहिरात कापणारे, पण ही पाटी त्यांनी चार मिनिटं रेकॉर्ड केली. "आत्ता येईल, आत्ता येईल असं वाटत होतं," म्हणाले.

मात्र तासाभराच्या शेवटी आवाज चित्राच्या सात सेकंद मागे. कारण बाबाच. त्यांनी जाहिरात आली की पॉज दाबायचा, संपली की सोडायचा, असं केलं होतं. रेकॉर्ड-पॉजवर मशीन पाचेक मिनिटांत स्वतःच थांबतं, मग पुन्हा नव्याने सुरू करावं लागतं. असा प्रत्येक सांधा म्हणजे सिग्नलला बसलेला एक धक्का. स्वस्त डाँगल प्रत्येक धक्क्याला काही फ्रेम गिळतं आणि आवाज मात्र चालू ठेवतं. अख्ख्या कॅसेटवर असे सांधे होते ४१.

शिवाय दर सांध्याला दोन-तीन सेकंद कोरा निळा पडदा. तो व्हीसीआरचा उपद्व्याप निघाला. सिग्नल जरा हलला की मशीन चित्र झाकून निळं दाखवतं. मेनूत जाऊन ते बंद करता येतं. हे कळायला मला संध्याकाळचे सात वाजले. त्याआधी दोन वायरी विनाकारण बदलल्या, ३४० रुपये.

रविवार, १३ जुलै

शेजारच्यांकडे एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर धूळ खात होता, तो मागून आणला. काही रेकॉर्डर आत आलेला डगमगता सिग्नल सरळ करून पुढे सोडतात. सगळे नाही, याने केलं. जोडणी अशी: व्हीसीआर, मग रेकॉर्डर (रेकॉर्डिंग करायचं नाही, नुसता मधून सिग्नल न्यायचा), मग नवं कॅप्चर डाँगल, ३,१०० रुपयांचं, मग लॅपटॉप. सॉफ्टवेअर व्हर्च्युअलडब, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, फाइल हफ-वाययूव्हीत (चित्रातलं काही न गमावता दाबणारी पद्धत). तासाला साधारण ३० जीबी जागा जाते. गिळलेल्या फ्रेम: शून्य. आवाज जागेवर.

मी तीन तास समोर बसून पाहिलं. कॅप्चर चालू असताना लॅपटॉपवर दुसरं काही करायचं नसतं, त्यामुळे बघण्याशिवाय इलाजही नव्हता. शनिवारचा मराठी चित्रपट, मेट्रोवरची मालिका, पुन्हा एक नंबर. तेव्हा चॅनेल बदलायला उठावं लागायचं. एक-दोन ठिकाणी सांध्यात बाबांचा लेंगा टीव्हीच्या काचेत दिसेल असं उगाच वाटत राहिलं. व्हीसीआर थेट अँटेनातून रेकॉर्ड करतो, काचेतून नाही, हे माहीत असूनही.

सोमवार, १४ जुलै

आज सगळ्यात मोठी चूक. लॅपटॉपची डिस्क भरली म्हणून कालच्या फाइलमधून कार्यक्रमांमधला 'कचरा' कापून टाकला: सांध्यांवरचे तुकडे, पट्ट्या, पॉज दाबायला उशीर झाल्याने राहिलेल्या जाहिरातींच्या शेपट्या. स्वच्छ फाइल वेगळी ठेवली आणि मूळ पुसली. काकांना फोन केला, "झाली बरं का शनिवारची."

काका म्हणाले, "कधीचं आहे रे ते? साल कुठलं?"

कार्यक्रमांवरून सांगता येईना. मालिका दोन-दोन वर्षं चालायच्या, चित्रपट तर जुनाच. साल कळलं असतं ते बातम्यांवरून, जाहिरातींवरून. बातम्या बाबांनी कापल्या होत्या, जाहिरातींच्या शेपट्या मी. आई म्हणाली, "बापाचा गुण."

शनिवार, २६ जुलै

शनिवारची कॅसेट पुन्हा पूर्ण कॅप्चर. चिमट्याच्या घडीपाशी आता नऊ सेकंद चित्र फाटतं. पहिल्या वेळी ते दोनच सेकंद फाटत होतं. दर वेळी फीत थोडी झिजते, म्हणून पहिली चांगली प्रत पुसू नये. दोन टीबीची बाहेरची डिस्क आणली, ५,४००. ती पहिल्याच दिवशी घ्यायची होती.

आता सांध्यांचे ४१ तुकडे ओळीने लावून एक वेगळी फाइल केली. एकूण दोन मिनिटं आणि थोडी. खरं सांगायचं तर तीन तासांतलं सगळ्यात बघण्यासारखं हेच निघालं. पांढऱ्या शर्टाची कॉलर, तिच्यावरून फिरणारं बांगड्यांचं मनगट, खट्ट. चॉकलेट तोंडाजवळ नेणारा मुलगा, खट्ट. निवेदिकेचं अर्धं 'नमस्…', खट्ट. प्रेशर कुकरची शिट्टी, पण ती टीव्हीतली की आमच्या स्वयंपाकघरातली, यावर आईबाबांचा वाद झाला. आईच्या मते टीव्हीतलीच, कारण तिचा कुकर तसा वाजत नव्हता. व्हीसीआर खोलीतला आवाज घेत नाही हे सांगून मी तो मिटवला.

तुकडा क्रमांक २३: काळ्या दगडाचा चौथरा, झेंडूच्या माळा, शेजारी बसून सूत कातणाऱ्या बायका. सव्वा सेकंद. राजघाट.

म्हणजे शनिवारी २ ऑक्टोबर. लेबलवर 'मेट्रो' लिहिलंय. चार महानगरांचे दुसरे चॅनेल जोडून मेट्रो सुरू झालं २६ जानेवारी १९९३ ला, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये त्याच्या जागी डीडी न्यूज आलं. या काळात २ ऑक्टोबर शनिवारी आला दोनदाच, १९९३ आणि १९९९. मी खूश.

मग बायकोने विचारलं, "राजघाट तीस जानेवारीलाही दाखवतात ना?" दाखवतात. आणि लीप नसलेल्या वर्षात ३० जानेवारी आणि २ ऑक्टोबर एकाच वारी येतात, बरोबर ३५ आठवड्यांचं अंतर. ३० जानेवारी १९९३ हाही शनिवारच, मेट्रो सुरू होऊन चारच दिवस झालेले. दोनाचे चार झाले. काका त्या सगळ्या काळात मस्कतलाच.

शनिवार, २ ऑगस्ट

रविवारची कॅसेट. सकाळचं सगळं बऱ्यापैकी आलं: जुन्या गाण्यांचा कार्यक्रम, जंगलातल्या त्या मुलाचं कार्टून (या एका तुकड्यासाठी माझी मुलगी तिसऱ्यांदा येऊन बसली आणि 'हे इतकं हळू का चालतंय' म्हणून उठून गेली), मेट्रोवरच्या गाण्यांच्या क्रमवारीचा थोडा भाग. तो थोडाच, कारण बाबांना त्यातला निवेदक आवडायचा नाही.

दुपारपासून आवाज गेला. चित्र आहे, आवाज शून्य. अँप तपासला, वायर तपासली, मुंजीची कॅसेट लावून पाहिली, तिथे आवाज ठणठणीत. दोष फितीत आहे. व्हीएचएसमध्ये साधा आवाज फितीच्या वरच्या कडेला एका अरुंद पट्टीत असतो, चित्र मधल्या भागात तिरकं, आणि खालच्या कडेला मशीनला वेग सांगणारे ठोके. पाण्याने वरचीच कड झालरली होती. खालची झालरली असती तर चित्रही मिळालं नसतं. हाय-फाय मशीन असतं तर आवाज चित्राबरोबरही नोंदला गेला असता. बाबांचं साधं होतं.

आवाज नाही म्हणून थांबवणारच होतो, तेवढ्यात बातम्या आल्या. रविवार दुपारच्या, बधिरांसाठीच्या. दूरदर्शन आठवड्यातून एकदा त्या द्यायचं. बाबांनी कापलेल्या नाहीत. सगळ्या दोन दिवसांत न कापलेल्या एवढ्याच.

बाबांना विचारलं. "जेवण झालं असेल, डोळा लागला असेल," म्हणाले. नंतर दीड वाजता प्रादेशिक भाषेतला चित्रपट असायचा, तो काकांच्या खोलीतल्या मल्याळी मित्रांसाठी रेकॉर्ड करायचा होता. आधीच बटण दाबून ठेवलं आणि पॉज दाबायला बाबा जागे राहिले नाहीत.

साडीतली वृत्तनिवेदिका. ओठही हलतायत, हातही. मी ती चार मिनिटं सहा वेळा पाहिली. एका ठिकाणी ती दोन्ही पंजे पालथे करून छातीसमोर धरते आणि थरथरवते. मग एक पंजा तिरका पडतो, त्यावर दुसरा. पुढे महाराष्ट्राचा नकाशा, खालच्या उजव्या अंगाला एक ठिपका. फोटो, दगडमातीचा ढीग. चित्रात बर्फ पडल्यासारखे ठिपके आहेत, नाव वाचता येत नाही. वाचायची गरज नव्हती.

बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले आणि म्हणाले, "किल्लारी."

रविवार, ३ ऑगस्ट

खात्री म्हणून ओळखीच्या एका मुलीला ती चार मिनिटं पाठवली. ती कर्णबधिर मुलांना शिकवते. तिचं उत्तर तासाभरात आलं. पंजे थरथरतात ती खूण भूकंपाची, त्यापुढची घरं पडल्याची, आणि ओठांवरून एकदा 'लातूर' नक्की वाचता येतं. काही खुणा आज वेगळ्या करतात, त्या तिला आजोबांच्या वेळच्या शब्दांसारख्या वाटल्या. फितीतला आवाज मेला होता, तरी बातमी सगळी पोचली.

भूकंप झाला गुरुवारी, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्नला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. म्हणजे आमच्या कॅसेट शनिवार २ आणि रविवार ३ ऑक्टोबर १९९३ च्या. मुंबई दूरदर्शनचा तो एकविसावा वाढदिवसही, २ ऑक्टोबर १९७२ चा. त्याचा काही कार्यक्रम असलाच तर तोही कापला गेला.

आता बाबांना दुसरं विचारलं. फीत वाचवायला जाहिराती कापल्या हे समजलं, पण शनिवारच्या बातम्या का? दोन्ही चॅनेलवरच्या एकूण एक बातम्या कापलेल्या आहेत. चित्रपटाच्या मध्ये आलेल्यासुद्धा, जिथे पॉज मोडून मशीन पुन्हा सुरू करावं लागलं.

बाबा जरा वेळाने म्हणाले, "तुझ्या काकूचं माहेर औशाचं." औसा लातूर जिल्ह्यातच, किल्लारीच्या वरच्या अंगाला. माणसं वाचली, घराची एक भिंत गेली. काका चार दिवस फोन लावत होते, लागत नव्हता.

"त्याला कळलंच होतं की सगळं. पेपर मिळतो तिकडे. पण कॅसेट लावून बसला, पाय पसरले, सिनेमा लागलाय, आणि मध्येच परत ते ढिगारे. कशाला?"

माझी समजूत होती की ते काटकसरीने कापत होते. फितीवर जागा उरली होती, शनिवारच्या कॅसेटमध्ये शेवटची बावीस मिनिटं कोरी आहेत. हे मी आधीच पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

शनिवार, ९ ऑगस्ट

कामाचं उरलेलं. बघायच्या प्रतीसाठी चित्राच्या एक सोडून एक ओळींच्या दोन संचांपासून वेगवेगळी फ्रेम करून सेकंदाला ५० फ्रेमची एमपी-४ केली. २५ ची केलीत तर क्रिकेट आणि नाच अडखळतात. मूळ फाइल न कापता एफएफव्ही-१ मध्ये (हीही काही न गमावणारी पद्धत), दोन डिस्कवर, एक बदलापुरात. चित्राच्या तळाशी जी गोंधळाची चिंचोळी पट्टी दिसते ती हेड बदलतानाची, सगळ्या व्हीएचएसमध्ये असते. ती कापून चित्र ताणू नका, झाकायची असेल तर काळी पट्टी घाला. रंग 'सुधारायचा' मोह झाला. एक तास घालवला, माणसं आंब्यासारखी पिवळी झाली, सोडून दिलं.

रविवार दुपारचा प्रादेशिक चित्रपट तासभर आहे, आवाजाशिवाय. कुठल्या भाषेतला ते आम्हाला अजून कळलेलं नाही. खाली इंग्रजी अक्षरं आहेत, पण नावांची पाटी फाटलेल्या भागात गेली. काकांना आठवतं ते एवढंच, की खोलीतल्या मल्याळी मित्रांनाही ती भाषा समजली नव्हती, तरी त्यांनी तो दोनदा पाहिला. म्हणजे तेव्हा आवाज होता.

खर्च, विचारणाऱ्यांसाठी: बेल्ट २८०, दुसरं मशीन ४,२००, अल्कोहोल आणि फडकी ५२०, पहिलं डाँगल ६५०, फुकट बदललेल्या वायरी ३४०, दुसरं डाँगल ३,१००, डिस्क ५,४००. चौदा हजार चारशे नव्वद. यातले पहिलं डाँगल आणि वायरी मूर्खपणाचे. दुसरं मशीन कापसाच्या काडीचं. सहा तासांच्या रेकॉर्डिंगसाठी आठ शनिवार-रविवार गेले. बाहेर करून देणारे कॅसेटमागे काही शे रुपये घेतात, पण बुरशीची कॅसेट बहुतेक जण हातात घेत नाहीत, आणि घेतली तरी मधला 'कचरा' कापून देतात. न कापता द्या असं आधीच सांगा.

रविवार, १७ ऑगस्ट

काका आणि काकू आले. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. शनिवार त्यांनी निम्मा गप्पा मारतच पाहिला. तेव्हाही तसाच पाहिला असेल. 'खेद है'ची पाटी आल्यावर काका उठून बाथरूमला जाऊन आले.

रविवारच्या बातम्या येणार तेव्हा मी बाबांकडे पाहिलं. पुढे ढकलू का, रिमोट माझ्याच हातात होता. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. काकूंनी ती चार मिनिटं पूर्ण पाहिली. हात थरथरले तिथे त्यांनी नकळत आपले पंजे मांडीवर पालथे ठेवले.

"हे मस्कतला पाहिलं होतं मी," काका म्हणाले. "मला वाटलं, दादाने मुद्दाम ठेवलंय. घरचं सगळं ठीक आहे, बघ, सांगायला."

"झोप लागली होती रे," बाबा म्हणाले.

हेड तुटलेलं मशीन फीत धुवायला अजून चालतं. डोंबिवली-कल्याणमध्ये कुणाला बुरशीच्या कॅसेट साफ करायच्या असतील तर घेऊन जा. पाऊस संपल्यावर.